क्रॅनबेरी, करौंदा आणि पुन्हा पुन्हा लागणारी उन्हाळी

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी स्त्रियांच्या आरोग्याविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. रक्तक्षय, कॅल्शियम आणि रजोनिवृत्ती या विषयांवर दरवर्षी कोणी ना कोणी उत्तम लिहितेच. म्हणून यंदा मी जरा अडचणीचा विषय निवडला आहे. तपासणीच्या खोलीत तो रोज एकदा तरी निघतो आणि दिवाणखान्यात मात्र कधीच निघत नाही. तो म्हणजे स्त्रियांना वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आणि त्याच्या प्रतिबंधासाठी आपण हल्ली सहजपणे लिहून देतो ती क्रॅनबेरीची पुडी. आपल्या आज्या या दुखण्याला 'उन्हाळी लागली' असे म्हणत आणि धणे-जिऱ्याचे पाणी देत. स्मरणिका डॉक्टरांइतकीच त्यांच्या घरची मंडळीही वाचतात, हे ध्यानी ठेवून लिहीत आहे. व्यवसायबंधूंनी परिचित गोष्टींची पुनरुक्ती गोड मानून घ्यावी.

प्रारंभी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगते. २०१४ साली इंदूरमधल्याच एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६२. वर्षभरात पाच वेळा लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे, ओटीपोटात कळ. दर वेळी निराळे डॉक्टर आणि निराळे प्रतिजैविक. फाइल चांगली जाड होती, पण तीत लघवीच्या कल्चरचा कागद एकच. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मी पथ्यात काही कमी ठेवलेले नाही. अमेरिकेहून भाचीने सांगितल्यापासून करौंद्याचा रससुद्धा रोज घेते आहे."

भाचीने सांगितले होते क्रॅनबेरी. बाईंनी त्याचे हिंदी नाव शोधले तेव्हा 'करौंदा' हे उत्तर मिळाले, आणि करौंदे तर पावसाळ्यात आमच्या इंदूरच्या भाजीबाजारात टोपल्यांनी येतात. बाईंनी त्यांचा रस करून बाटल्या भरून ठेवल्या होत्या.

मला हसू आले. करौंदा म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, हे मी त्यांना दहा मिनिटे उत्साहाने समजावून सांगितले. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. मग मी एक प्रतिजैविक आणि क्रॅनबेरीच्या पुड्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांना थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत असह्य दुखू लागले आणि रुग्णालयात दाखल करावे लागले. कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, पोटातून देता येण्याजोग्या बहुतेक औषधांना तो दाद देत नव्हता. अखेर शिरेतून मेरोपेनेम द्यावे लागले. त्या मुक्कामात एका रात्री त्यांनी परिचारिकेपाशी सांगितले की कित्येक वर्षे त्या भागात कोरडेपणा आहे, आग होते, पण या वयात हे डॉक्टरांना काय सांगायचे. मी विचारलेच नव्हते. फळाच्या नावातली चूक मी तत्परतेने दुरुस्त केली होती. रजोनिवृत्तीनंतरच्या शुष्कतेचे निदान तेवढे राहून गेले होते.

त्यानंतर मी या फळाविषयी जे मिळेल ते वाचू लागले.

क्रॅनबेरी, शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पॉन, ही मूळची उत्तर अमेरिकेची. ब्ल्यूबेरीची जवळची नातेवाईक. आंबट, पाणथळ जमिनीत पसरणारी तिची वेल असते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१६ च्या सुमारास तिची लागवड सुरू झाली आणि आज अमेरिकेतले निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिनमध्ये निघते. शरदात मळ्यांत पाणी सोडतात; फळाच्या पोटात हवेचे कप्पे असल्यामुळे ती वर तरंगतात आणि लाल साय गोळा करावी तशी ती गोळा करतात. आपला करौंदा, म्हणजे महाराष्ट्रातल्या करवंदाचा सख्खा भाऊ, कॅरिसा या वंशातला; त्याचे कुळ कण्हेरीचे, तोडले की चीक येणारे. आंबटपणा आणि रंग सोडला तर दोघांचा काही संबंध नाही. करौंदा वाईट नव्हे. लोणच्याला त्याच्यासारखे फळ नाही, आणि केकवरची लाल 'चेरी' म्हणून आपण पुष्कळदा पाकात मुरवलेला करौंदाच खात असतो. परंतु क्रॅनबेरीवर झालेल्या अभ्यासांचे पुण्य त्याच्या पदरात टाकता येत नाही.

क्रॅनबेरीचा गुण काय, याचे पहिले उत्तर चुकीचे निघाले. १९२० च्या दशकात असे दिसले की ही फळे खाल्ल्यावर लघवीत हिप्युरिक आम्ल वाढते आणि लघवी आम्लधर्मी होते. आम्लात जंतू वाढत नाहीत, म्हणून फळ गुणकारी, असा सोपा तर्क मांडला गेला आणि तो कित्येक दशके टिकला. प्रत्यक्षात जंतूंची वाढ रोखण्याइतके आम्ल माणूस पिऊ शकेल एवढ्या रसातून निर्माण होत नाही, हे पुढे लक्षात आले. गंमत अशी की आपल्याकडच्या काही पुड्यांमध्ये क्रॅनबेरीच्या जोडीला पोटॅशियम मॅग्नेशियम सायट्रेट असते, आणि सायट्रेटने लघवी अल्कधर्मी होते. जळजळ त्याने कमी वाटते हे खरे. पण जुन्या सिद्धान्तावर विश्वास ठेवून ती पुडी देणाऱ्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले असे होईल.

दुसरे उत्तर १९८४ मध्ये मिळाले. ओहायोतील अँथनी सोबोटा यांनी दाखवले की क्रॅनबेरीचा रस जंतूंना मारत नाही. त्यांना चिकटू देत नाही. माळरानातून चालून आले की धोतराला, साडीच्या काठाला कुसळे चिकटून येतात. ई. कोलायच्या अंगावर तसेच सूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या टोकांनी तो मूत्रमार्गाच्या अस्तराला धरून राहतो. धरता आले नाही तर लघवीच्या धारेबरोबर वाहून जातो. १९९८ मध्ये एमी हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही किमया क्रॅनबेरीतल्या प्रोअँथोसायनिडिन या द्रव्यांची असल्याचे दाखवले. द्राक्षे, सफरचंद, चहा यांतही प्रोअँथोसायनिडिन असतात, परंतु त्यांची जोडणी बहुतांशी 'ब' प्रकारची. क्रॅनबेरीत 'अ' प्रकारची जोडणी आढळते.

इथे एक प्रामाणिक शंका नोंदवली पाहिजे. ही द्रव्ये प्रामुख्याने पी-तंतूंना अडवतात, आणि हे तंतू मूत्रपिंडाच्या संसर्गात अधिक महत्त्वाचे असतात. मूत्राशयाच्या साध्या संसर्गात मुख्य काम असते ते पहिल्या प्रकारच्या तंतूंचे. शिवाय अखंड प्रोअँथोसायनिडिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. म्हणजे बशीत दिसलेला परिणाम मूत्राशयात नेमका कसा घडतो, आतड्यांतल्या जंतूंनी केलेल्या विघटनातून की आणखी कशातून, हे कोडे पूर्ण सुटलेले नाही. चिकटण्याची गोष्ट रुग्णाला सांगायला सोपी आहे म्हणून ती पूर्ण सत्य मानण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष स्त्रियांवरील प्रयोग. १९९४ मध्ये अमेरिकेत १५३ वृद्ध स्त्रियांना रोज ३०० मिली क्रॅनबेरी पेय किंवा तशाच रंगा-चवीचे निष्क्रिय पेय देण्यात आले. लघवीत जंतू आणि पू एकत्र सापडण्याचे प्रमाण निष्क्रिय गटात २८ टक्के, तर क्रॅनबेरी गटात १५ टक्के होते. या एका निबंधाने फळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु मोजलेली गोष्ट प्रयोगशाळेतली होती, बाईला होणारा त्रास नव्हता. आणि दोन्ही गटांतील स्त्रियांचा पूर्वेतिहासही समतोल नव्हता. २००१ मध्ये फिनलंडच्या अभ्यासात क्रॅनबेरी आणि लिंगनबेरीचा रस सहा महिने घेणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्ग झाला. काहीच न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. (तो अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबला, कारण रस बनवणाऱ्यांनी तो बनवणेच बंद केले!) त्या वर्षांत परिषदांमधून क्रॅनबेरीचे बरेच कौतुक झाले आणि मीही ती मोकळ्या हाताने लिहू लागले.

मग पारडे फिरले. २०११ मध्ये अमेरिकेतील ३१९ महाविद्यालयीन तरुणींच्या अभ्यासात क्रॅनबेरी घेणाऱ्या २० टक्के तरुणींना पुन्हा संसर्ग झाला, निष्क्रिय पेय घेणाऱ्यांत १४ टक्के. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २४ अभ्यास आणि ४,४७३ व्यक्तींचा आढावा घेऊन सांगितले की क्रॅनबेरीची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही. २०१६ मध्ये वृद्धाश्रमांतल्या १८५ स्त्रियांना वर्षभर कॅप्सूल देऊन पाहिले. दोन्ही गटांत जंतू आणि पू सापडण्याचे प्रमाण जवळजवळ तंतोतंत सारखे, २९ टक्के, निघाले. मात्र त्याच वर्षी ३७३ स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात रोज २४० मिली रसाने लक्षणांवरून ठरवलेले संसर्ग ६७ वरून ३९ वर आले. त्याला अर्थसाहाय्य रस विकणाऱ्या कंपनीचे होते, हे वाचकांनी जमेस धरावे.

एप्रिल २०२३ मध्ये कॉक्रेनने आपला निष्कर्ष स्वतःच बदलला. आता अभ्यास ५० झाले होते आणि व्यक्ती ८,८५७. ज्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होतो त्यांच्यात क्रॅनबेरीने लक्षणांसह आणि कल्चरने सिद्ध झालेल्या संसर्गाची जोखीम सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते, मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी. संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांना, गर्भवतींना आणि मज्जासंस्थेच्या विकारामुळे मूत्राशय नीट रिकामे न होणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. अकरा वर्षांत एकाच संस्थेने दोन भिन्न उत्तरे दिली म्हणून काहींना चीड येते. मला ते विज्ञानाच्या निकोपपणाचे लक्षण वाटते. फक्त मधल्या काळात 'हे सगळे थोतांड आहे' असे मी ज्या रुग्णांना ठामपणे सांगितले, त्यांच्यापुढे आज जरा वरमायला होते.

२६ टक्के म्हणजे व्यवहारात किती? समजा, १०० स्त्रियांपैकी ४० जणींना पुढील वर्षात पुन्हा संसर्ग होणार होता. क्रॅनबेरीने तो साधारण ३० जणींना होईल. दहा जणी वाचल्या. तीस जणींना पुडी घेऊनही त्रास झालाच. आणि साठ जणींना पुडीवाचूनही होणार नव्हता. हा लाभ लहान आहे, पण लटका नाही.

या लहान लाभाचे मोल एका डच अभ्यासामुळे वाढते. २०११ च्या या अभ्यासात २२१ स्त्रियांना वर्षभर एक तर रोज कमी मात्रेत कोट्रायमॉक्सॅझोल किंवा क्रॅनबेरीच्या कॅप्सूल दिल्या. प्रतिजैविक सरस ठरले: वर्षाला सरासरी १.८ संसर्ग, क्रॅनबेरीवर ४. पण एकच महिन्याने प्रतिजैविक घेणाऱ्यांच्या शौचातले ८६ टक्के ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले होते. क्रॅनबेरी गटात हा आकडा २४ टक्के होता. आपल्या देशात क्विनोलोन आणि सेफॅलोस्पोरिन गटांची अवस्था काय झाली आहे, ते कोणत्याही प्रयोगशाळेचा कल्चरचा अहवाल उघडला की दिसते. माझ्या शिक्षिकाबाईंना मेरोपेनेम लागले ते त्या जाड फाइलमधल्या प्रतिजैविकांच्या रांगेमुळेच, असे मला अजूनही वाटते.

आपल्या दुकानांत मिळणाऱ्या पुड्यांविषयी मात्र माझी तक्रार आहे. त्या बहुतेक औषध म्हणून नव्हे, अन्नपूरक म्हणून विकल्या जातात. वेष्टनावर 'क्रॅनबेरी अर्क इतके मिलिग्रॅम' असे असते. त्यात प्रोअँथोसायनिडिन किती, हे क्वचितच लिहिलेले आढळते. अभ्यासांत सामान्यतः रोज ३६ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन हे माप धरले जाते, आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले यावरही आकडा बदलतो. अर्काचे वजन आणि या द्रव्याचे वजन एक नव्हे. ऊस किती किलो यावरून गूळ किती निघाला ते कळत नाही. जोडीला असणाऱ्या डी-मॅनोजची स्थिती आणखी नाजूक आहे. तर्काने ही साखर पहिल्या प्रकारच्या तंतूंना अडवते, म्हणून मोठी आशा होती. २०२४ मध्ये ब्रिटनमधील ५९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डी-मॅनोज घेणाऱ्या ५१ टक्के आणि निष्क्रिय भुकटी घेणाऱ्या ५६ टक्के स्त्रिया पुन्हा संसर्गासाठी डॉक्टरांकडे गेल्या. हा फरक योगायोगाचाही असू शकतो.

तयार रसाचे म्हणाल तर एका पेल्यात सुमारे ३० ग्रॅम साखर येते. मधुमेही बाईला तो सांगणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णांत रक्त अधिक पातळ झाल्याच्या नोंदींवरून ब्रिटनमध्ये २००३ साली सावधगिरीची सूचना निघाली होती. नंतरच्या नियंत्रित अभ्यासांत मोठा परिणाम दिसला नाही, तरी हृदयाची झडप बदललेल्या बाईंना मी ती देत नाही. देण्याची निकडच नसते.

हे सर्व पुढचे. आधीचा प्रश्न असा, की हा खरोखर वारंवार होणारा जंतुसंसर्ग आहे काय? सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन, आणि तेही कल्चरने सिद्ध झालेले, ही त्याची व्याख्या. 'जळजळते' एवढ्यावर प्रतिजैविक आणि पुडी देण्याची सवय आपल्याला, म्हणजे मलाही, लागली आहे. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यांच्यामुळे बाह्य भागात बुरशी होते आणि जळजळ अगदी तशीच वाटते. तिथे ना प्रतिजैविकाचे काम, ना क्रॅनबेरीचे. खडा आहे का, मूत्राशय पूर्ण रिकामे होते का, अंग बाहेर येते का, हे पाहायला सोनोग्राफी आणि तपासणीची पाच मिनिटे पुरतात. दुसरीकडे, कसलाही त्रास नसलेल्या वृद्धेच्या लघवीत जंतू सापडले म्हणून त्यांच्यामागे लागणे हाही अपराधच.

रजोनिवृत्त स्त्रीला तर शुष्कतेबद्दल विचारलेच पाहिजे. १९९३ मध्ये ९३ स्त्रियांच्या अभ्यासात योनीमार्गात लावायच्या एस्ट्रिऑल मलमाने वर्षाकाठी होणारे संसर्ग ५.९ वरून ०.५ वर आले. क्रॅनबेरीच्या बाजूने आजवर आलेला एकही आकडा याच्या जवळपास जात नाही. शिक्षिकाबाईंना घरी सोडताना मी हे मलम लिहून दिले. पुढील दोन वर्षांत त्यांना एकदाच संसर्ग झाला, तोही साध्या नायट्रोफ्युरँटॉइनने आटोक्यात आला.

आणि पाणी. २०१८ च्या एका अभ्यासात, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० तरुण स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला सांगितले. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्या स्त्रियांना ३.२ वेळा. खर्च शून्य. परंतु शाळेत, दुकानात, प्रवासात स्वच्छतागृह धड नसते म्हणून बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, हे आपण सर्व जाणतो. मूत्रपिंड किंवा हृदय दुबळे असलेल्यांना अर्थात हा सल्ला द्यायचा नाही. आज्यांच्या धणे-जिऱ्यावर असा अभ्यास माझ्या वाचनात नाही. पण त्या निमित्ताने तांब्याभर पाणी पोटात जात असे.

मग मी आता क्रॅनबेरी कोणाला देते? रजोनिवृत्ती न झालेली, कल्चरने सिद्ध झालेले तीन संसर्ग वर्षात झालेली, पाणी वाढवूनही त्रास न थांबलेली आणि रोजचे प्रतिजैविक नको म्हणणारी स्त्री. तिला हेही सांगते की हा उपचार नव्हे. संसर्ग झालाच तर पुडीवर भिस्त ठेवून घरी बसायचे नाही. ताप किंवा कुशीत दुखणे आले तर त्याच दिवशी यायचे. सहा महिने पाहायचे, वहीत तारखा लिहायच्या, आणि संख्या कमी झाली नाही तर पैसे वाचवायचे.

मागील वर्षी अशीच एक बँकेत काम करणारी मुलगी आली होती. तीन संसर्ग, तीन कल्चर, तिन्हींत ई. कोलाय. तिने क्रॅनबेरी निवडली. वर्षभरात एकदाच त्रास झाला. हा पुडीचा गुण, वाढवलेल्या पाण्याचा की नुसता योग, हे एका मुलीवरून सांगता येणार नाही, आणि तसे मी तिलाही सांगितले. गेल्या महिन्यात ती पुन्हा आली ती दिवस गेल्याची बातमी घेऊन. "पुडी चालू ठेवू ना, मॅडम?" तिने विचारले. गर्भवतींमध्ये लाभ दिसलेला नाही. म्हणून ती थांबवली, आणि त्याच दिवशी तिच्या लघवीचे कल्चर पाठवले.